घारपुरेकाकांची शिरगणती

घारपुरेकाका आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा दारातच थांबले आणि त्यांनी विचारलं, "बाहेर पडायचं कुठून?"

"काका, अजून तुम्ही आतसुद्धा आला नाहीत," मी म्हटलं.

"आत येणं काय, होईलच. आधी बाहेरचं सांगा."

ज्या दारात ते उभे होते तेच मी दाखवलं. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे एकच?" मग ते स्वयंपाकघरात गेले, खिडकीतून खाली पार्किंगकडे पाहिलं, बाल्कनीचा कठडा हलवून पाहिला आणि शेवटी दाराला सगळ्यात जवळच्या खुर्चीवर टेकले. बूट काढले होते, पण ते खुर्चीखालीच ठेवले, नाड्या सैल करून, टोकं दाराकडे. "घरात माणसं किती?" "तीन." त्यांनी माझ्याकडे, माझ्या नवऱ्याकडे म्हणजे मिलिंदकडे, आणि आमच्या रियाकडे एकेकदा बोट दाखवून मोजणी केली. बेरीज जमल्यावर चहा घेतला.

दुबईत, अल मनखूलमधल्या त्या इमारतीत ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. ते आणि सुमनकाकू, दोघंच. मूलबाळ नव्हतं. काका एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. इतर लोक ऑफिसातल्या सवयी संध्याकाळी ऑफिसातच ठेवून येतात. काका त्या घरी आणायचे आणि शेजारीपाजारी वाटायचे. लिफ्टमधून ते कधी काकूंबरोबर जात नसत. काकू लिफ्टने, काका जिन्याने. लिफ्ट अडकली तर हाका मारायला एक माणूस बाहेर हवा, हे कारण. खाडी ओलांडायला सगळं बर दुबई एक दिरहम देऊन अब्रात, म्हणजे उघड्या लाकडी होडीत, बसतं. काका मात्र टॅक्सी करून पूल ओलांडून देऱ्याला जायचे, कारण अब्राला कठडा नाही. काकू बिचाऱ्या काठावर उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्या अब्रा बघत आणि टॅक्सी आली की बसत.

आणि ती हातोडी. शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी, लाल मुठीची, बोटभर हातोडी. गाडीत अडकलं तर काच फोडायची असते ती. गणपतीच्या आरतीला, लग्नाला, वाढदिवसाला, सगळीकडे ती खिशातून डोकावत असे. गेल्या वीस वर्षांत तिनं एक काचसुद्धा फोडली नव्हती. कुणी गमतीनं हात लावायला गेलं की काका मागे सरकत. "हे खेळणं नाही," एवढंच म्हणत.

एका शुक्रवारी त्यांनी आमच्या मजल्याची कवायत घेतली. सगळ्यांनी घरं सोडायची, जिन्यानं उतरायचं, पार्किंगमध्ये जमायचं. "शेवटचा माणूस दार ओढून घेणार. आगीला हवा मिळता कामा नये. आणि खाली आल्यावर काय करायचं?"

"माणसं मोजायची," आम्ही सगळे कंटाळून म्हणालो.

"सामान जळालं तर येतं. माणसं मोजा."

मी मिलिंदला म्हटलं, या माणसाला घाबरण्याचा पगार मिळतो आणि हा ओव्हरटाइम करतो. तोंडावर हसू येऊ नये म्हणून मी कवायतीत मागे उभी राहिले.

मग मंदी आली, आणि हसू आपोआप थांबलं. बाल्कनीतून दिसणाऱ्या क्रेन हलेनाशा झाल्या. आधी वाटलं सुट्टी असेल. मग रियाच्या वर्गातली मुलं न सांगता दिसेनाशी व्हायला लागली. पार्किंगमध्ये एक पांढरी गाडी धूळ खात उभी होती, तिच्या काचेवर कुणीतरी बोटानं 'गुडबाय' लिहिलं होतं. मीना बाजारात भेटलेली बाई साडीबद्दल बोलायची नाही, हळूच विचारायची, "तुमच्या ह्यांचं ठीक आहे ना?" रात्री फोन वाजला तर आम्ही दोघं आधी एकमेकांकडे बघायचो. मिलिंद एका बिल्डरच्या ऑफिसात होता, आणि दर रविवारी सकाळी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, त्याला बूट घालताना बघून मी मनात म्हणायची, आज नको. आमच्या इमारतीत आता सगळेच घारपुरे झाले होते. प्रत्येक जण एकच गोष्ट विचारत होता, बाहेर पडायचं कुठून आणि कधी.

काकांची साइट सगळ्यात आधी बंद पडली. इमारतच अर्धवट राहिली, तर तिच्यावरून पडणार कोण? व्हिसा कॅन्सल झाला, पुण्याची तिकिटं निघाली. काकू आमच्या स्वयंपाकघरात बसून मेथी निवडत होत्या तेव्हा त्यांनी हे सांगितलं. रडल्याबिडल्या नाहीत. फक्त एवढं म्हणाल्या, "वृंदा, इतकी वर्षं वाळवंटात काढली, पण वाळवंट काही बघितलं नाही गं. टीव्हीवर दिसतं तेवढंच. पुण्यात बायका विचारतील, काय सांगू?"

"काकांना म्हणा ना."

"म्हटलं. म्हणाले, वाळूला कठडा नसतो."

मला राग आला. माणसानं किती घाबरावं याला काही मर्यादा आहे. मी त्याच संध्याकाळी समोरच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "काका, काकूंना वाळवंट दाखवल्याशिवाय तुम्ही विमानात बसायचं नाही." काकांनी एकेक अडचण काढली. हॉटेलात आग लागते. तंबूत विंचू शिरतात. साधी गाडी बंद पडली तर रात्र कुठे काढणार? मी हरायच्या बेतात होते, तेवढ्यात मिलिंदनं मोटरहोमचं नाव काढलं. म्हणजे मोठ्या व्हॅनच्या अंगात बसवलेलं घर, त्यात झोपायला बाक, गॅसची शेगडी, बेसिन, सगळं. मंदीमुळे भाडं निम्म्यावर आलं होतं. "दिवसाला चारशे दिरहम. म्हणजे पाच हजार रुपये," काका सवयीनं म्हणाले, आणि तिथेच विषय संपणार होता. पण मिलिंद त्यांना गाडी दाखवायला घेऊन गेला. काका तिच्याभोवती फिरले, आत गेले, वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मिलिंदराव, पुढे दोन दारं, बाजूला एक, आणि छताला झडप. चार." मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आयुष्यात असं घर बघितलं नाही मी."

अशा रीतीनं फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही पाच जण लिवाला निघालो. अबू धाबीच्या पार पलीकडे, जिथून पुढे नुसती वाळूच आहे, तिथलं ते गाव. मिलिंद गाडी चालवत होता. काका त्याच्या शेजारी बसून स्पीड मोठ्यानं वाचत होते. आम्ही तिघी मागे. निघायच्या आधी काकांनी डेमो दिला होता, कुणी कुठल्या दारातून उतरायचं त्याचा. रियानं विचारलं, "काका, व्हॉट इफ नथिंग हॅपन्स?"

"मग घरी येऊन मोजायचं."

रस्ता आत वळला तशी वाळू पांढऱ्याची पिवळी आणि पिवळ्याची तांबूस झाली. काकू काचेला कपाळ लावून बसल्या होत्या. पेट्रोल पंप मागे पडले, फोनची रेंज जाऊन येऊन होती, आणि मला आतून थोडी भीती वाटायला लागली. बाहेर काही नाही याची सवय नसते आपल्याला. शहरात भीती वाटली तर निदान समोर दुकान असतं. इथे रविवारचा विचार आला आणि मी बाहेर पाहिलं, तर बाहेर तो विचार अडवायला काहीच नव्हतं.

लिवा गाव म्हणजे खजुरांच्या बागांची लांबच लांब पट्टी, आणि तिच्या मागे डोंगराएवढ्या वाळूच्या टेकड्या. एक मशीद, शिंप्याची दुकानं, किराणा, केरळी माणसाची कॅफेटेरिया. आम्ही तिथे करक, म्हणजे उकळून कडक केलेला, चहा घेतला. कॅफेटेरियावाला गाडीत डोकावून म्हणाला, "भाभी, पूरा घर लेके आया?" काका मात्र खाली उतरले नाहीत. त्यांचा चहा खिडकीतून आत गेला.

पुढे जुना मातीचा किल्ला लागला, बुटका, गोल बुरुजांचा. "काकू, चला," मी म्हटलं.

"भिंती जुन्या आहेत," काका म्हणाले. "इथूनच छान दिसतोय."

खजुराची बाग आली. "झावळी डोक्यात पडते." उंट आले. "चावतो." एका वळणावर तर असं दृश्य होतं की मिलिंदनं न सांगता ब्रेक दाबला. वाळूची मोठी घडी, अर्धी उन्हात, अर्धी सावलीत. काकूंनी दाराच्या मुठीवर हात ठेवला. काका मागे वळून म्हणाले, "सुमन, काच स्वच्छ आहे ना? दिसतंय ना सगळं?"

"दिसतंय हो," म्हणून काकूंनी हात मांडीवर घेतला.

मी दात ओठ खात गप्प बसले. त्या माणसानं वाळवंटसुद्धा टीव्हीवर दाखवलं होतं, फक्त काच जरा मोठी होती.

दुपारी टेकड्यांमध्ये शिरणाऱ्या रस्त्याच्या कडेला, कडक जमीन बघून, जेवायला थांबलो. मिलिंदनं पुढची दोन्ही दारं आतून लॉक केली, कारण काकांनी सांगितलं.

"वाळवंटात चोर कुठून येणार?" मी विचारलं.

"इथेच येणार. बघायला कुणी नसतं."

छताच्या झडपेलाही त्यांनी आतून कडी घातली. किल्ल्या हुकावर अडकवल्या, डुप्लिकेट किल्ली खणात ठेवली. मी एका बर्नरवर डाळभाताचा कुकर चढवला आणि दुसऱ्यावर फोडणीला तेल टाकलं. भाड्याच्या गाडीत बाहेरच्या लोकांनी बहुतेक सँडविच खाल्लं असावं. आपण मात्र वाळवंटाच्या टोकालाही जाऊ तिथे आधी फोडणी करतो. मोहरी तडतडली, मी लाल मिरच्या टाकल्या, आणि त्या डबड्याएवढ्या जागेत असा ठसका उठला की सगळे एकदम खोकले. आणि डोक्यावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागला.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं, हेच वाईट झालं. काका उभे राहिले. त्यांचा आवाज एकदम बदलला, खणखणीत झाला. "बाजूच्या दारानं. रिया पहिली. सामान घ्यायचं नाही. चप्पल शोधायची नाही. यल्ला, चला." आणि आम्ही, ज्यांनी आयुष्यभर त्यांची टिंगल केली ते आम्ही, एकामागून एक अनवाणी वाळूवर उतरलो. शेवटी मी. तोंडावर पदर धरला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि हातानं आपोआप काय केलं असेल तर दार ओढून घेतलं. आगीला हवा मिळता कामा नये.

खट असा आवाज आला. ते दार एकदा लागलं की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नसे. अलार्म आत वाजत होता. आम्ही बाहेर उभे होतो.

मिलिंदनं मूठ ओढली. पुन्हा ओढली. मग तो पुढच्या दाराकडे गेला, तिकडच्या दाराकडे गेला, मागच्या शिडीवरून छतावर चढला आणि खाली आला. चार दारांच्या त्या घराला आता एकही दार नव्हतं. किल्ल्या हुकावर, डुप्लिकेट खणात, फोन बाकावर, पाण्याचे कॅन बेसिनखाली. रस्ता दोन्हीकडे रिकामा होता.

"गॅस बंद केलास का?" मिलिंदनं विचारलं.

मला आठवेना. फोडणीचा बंद केला असेल. कुकरचा नाही. आणि तेवढ्यात अलार्म थांबला, आणि त्या शांततेत आतून कुकरनं शिट्टी दिली.

घरी त्या आवाजानं भूक लागते. तिथे मी दोन पावलं मागे सरकले. पाणी संपेल, कुकर कोरडा पडेल, मग काय होईल हे मला माहीत होतं, आणि सिलेंडर कुठे बसवलाय हेही मला माहीत होतं, कारण काकांनी डेमोत दाखवलं होतं. मी रियाला ओढत गाडीपासून लांब नेलं. ती म्हणाली, "ममा, यू आर हर्टिंग मी," तेव्हा मला कळलं की मी तिचा दंड किती घट्ट धरलाय.

काकांनी खिशातून हातोडी काढली. वीस वर्षांनी. तिच्यावरची धूळ त्यांनी रुमालानं पुसली आणि ते ड्रायव्हरच्या काचेसमोर उभे राहिले. "मध्ये मारायचं नाही. कोपऱ्यात मारायचं," ते स्वतःशीच म्हणाले. हात वर गेला. मग खाली आला. मला वाटलं घाबरले. पण ते आमच्याकडे वळले होते, बोट वर करून.

"आधी माणसं," ते म्हणाले. "वृंदा, रिया, मिलिंदराव, मी." बोट हवेतच राहिलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "वृंदा, रिया, मिलिंदराव, मी."

सुमनकाकू नव्हत्या.

त्या गाडीतून उतरल्या होत्या हे नक्की, रियाच्या मागोमाग. गाडीच्या पलीकडे नव्हत्या. रस्त्यावर नव्हत्या. मी "काकू" म्हणून ओरडले, तर आवाज कुठेच जाऊन आपटला नाही, नुसता गेला. मग रियानं हात केला. दारापासून अनवाणी पावलांची एक रांग निघाली होती, छोटी छोटी, सरळ टेकडीवर चढत गेलेली, आणि माथ्यावर जाऊन नाहीशी झालेली. पलीकडे काय होतं ते दिसत नव्हतं. वर वारा होता, आणि वरच्या पावलांच्या कडा आत्ताच ढासळायला लागल्या होत्या.

घारपुरेकाकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. एरवीची त्यांची भीती बोलकी असायची, तिला कारणं असायची, नियम असायचे. ही भीती मुकी होती. आत कुकरनं पुन्हा शिट्टी दिली. काकांनी गाडीकडे पाहिलं, टेकडीकडे पाहिलं, आणि ज्या हातोडीला त्यांनी कुणाला बोट लावू दिलं नव्हतं ती मिलिंदच्या हातात कोंबली.

"कोपऱ्यात मार," ते म्हणाले, आणि धावत सुटले.

साठीला आलेला माणूस, पायात लोखंडी टोकाचे साइटवरचे बूट, आणि वाळू पोटऱ्यांपर्यंत. दोन पावलं वर, एक खाली. मध्येच ते पडले, हातांवर चालले, पुन्हा उभे राहिले. माझ्या मागे काच फुटल्याचा आवाज आला. मिलिंद आत घुसला, दार उघडलं, आणि "बंद केला, खलास," असं ओरडला. रियाला त्याच्याकडे सोपवून, पाण्याची बाटली घेऊन मी काकांच्या मागे चढायला लागले. खरं सांगते, मला वाटलं होतं वर काहीतरी भयंकर दिसणार.

वर सुमनकाकू बसल्या होत्या. माथ्याच्या जरा पलीकडे, साडी गुडघ्यापर्यंत घेऊन, दोन्ही पाय घोट्यांपर्यंत वाळूत पुरून. समोर टेकड्यांमागे टेकड्या, नजर पोचेल तिथपर्यंत, कुठे एक झुडूपसुद्धा नाही. काका त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसून धापा टाकत होते. मी चार पावलं अलीकडेच थांबले.

"सुमन, तू मोजणीत नव्हतीस."

"इथेच तर होते."

"दिसत नव्हतीस."

"तुम्हीच म्हणालात ना, चप्पल शोधू नका, चला," काकू म्हणाल्या. "मी चालत राहिले. मागून बोलवाल म्हणून थांबले नाही. थांबले असते तर आत बसवलं असतं तुम्ही."

काका बुटातली वाळू काढायचा प्रयत्न करत होते, पण नाडी सुटत नव्हती. काकूंनी वाकून ती सोडवली.

"साइटवर साडेचारशे माणसं मोजायचो मी रोज," काका म्हणाले. "एखादा कमी आला तर विचारायला दहा जण असायचे. कुणीतरी सांगायचं, टॉयलेटला गेलाय, चहाला गेलाय. आता पुण्याला जायचं. एक, दोन. झाली मोजणी. त्यातलं एक दिसलं नाही, तर मी विचारू कुणाला?"

मी दुसरीकडे पाहिलं. मला तिथे असायला नको होतं असं वाटलं, आणि असल्याचं बरंही वाटलं. मी इतकी वर्षं त्या माणसाला भित्रा म्हणत आले होते. तो भित्रा होताच. फक्त आगीला भीत नव्हता.

काकूंनी त्यांच्या केसांतली वाळू झटकली. "बसा जरा. इतक्या लांब आलाय तर बघा तरी समोर."

काकांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सवयच ती, मान वळवून उजवीकडे, डावीकडे, मागे बघितलं आणि विचारलं, "इथून बाहेर पडायचं कुठून?"

"भिंतच नाहीये हो," काकू म्हणाल्या.

मी बाटली त्यांच्याजवळ ठेवली आणि खाली उतरले. ते दोघं बऱ्याच वेळानं आले, अनवाणी, काकांचे बूट काकूंच्या हातात. जळक्या वासाची डाळ आम्ही वाळूवर बसून खाल्ली. फुटक्या काचेला प्लॅस्टिकची पिशवी लावली आणि फडफड ऐकत घरी आलो. काचेचे पैसे काकांनी कुणाला देऊ दिले नाहीत.

त्या रविवारी मिलिंदच्या ऑफिसात चार जणांना काढलं, तो राहिला. पुढच्या आठवड्यात घारपुरे पुण्याला गेले. हातोडी खिशात घालून विमानात बसता येत नाही, म्हणून काकांनी ती मिलिंदच्या शर्टाच्या खिशात घातली. पुण्यातल्या बायकांना काकूंनी काय सांगितलं कोण जाणे, पण त्यांच्या सामानात मुरंब्याची एक रिकामी बरणी होती, तिच्यात तांबूस वाळू होती.

त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी पुण्याहून फोन यायला लागला. बोलणं फार नसायचं. काका विचारायचे, "किती?" रिया म्हणायची, "थ्री, काका." "आणि इथे दोन. पाच. बरोबर आहे," म्हणून ते फोन ठेवायचे. रियाला ती गंमत वाटायची. मलाही.

उन्हाळ्यात एका गुरुवारी मिलिंदची नोकरी गेली. तो घरी आला, सांगितलं, जेवला, झोपला. शुक्रवारी सकाळी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडला. फोन टेबलावरच राहिला होता. बाहेर रस्ता भाजत होता, त्या उन्हात कुणी पाय मोकळे करत नाही. बारा वाजले, एक वाजला. मी बाल्कनीतून खाली बघत होते आणि न हलणाऱ्या क्रेनकडे बघत होते. त्या महिन्यांत नोकरी गेलेल्या माणसांबद्दल आम्ही काय काय ऐकलं होतं ते सगळं मला एकदम आठवायला लागलं.

फोन वाजला. रियानं घेतला. "टू, काका," ती म्हणाली. मग ऐकत राहिली आणि फोन माझ्याकडे दिला.

"मिलिंदराव कुठे आहेत?"

मी सगळं सांगितलं. आवाज आवरला नाही मला.

"किती वाजता गेले? पायांत काय होतं? पाणी नेलं?" काकांनी एकेक विचारलं. मग म्हणाले, "वॉचमनला सांग खाडीच्या बाजूला बघायला. रियाला जवळ बसव. मी आहे."

"काका, कॉल महाग पडेल. मिलिंद आला की मी करते फोन."

"मोजणी झाल्याशिवाय ठेवत नाही मी."

आणि त्यांनी फोन ठेवला नाही. बोलतही नव्हते. मला त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता, मध्येच काकूंनी हळूच दार लावलेलं ऐकू आलं, मध्येच काका खोकायचे, म्हणजे आहे. मी रिसीव्हर कानाला धरून, रियाला कुशीत घेऊन जमिनीवर बसले होते. भीती गेली नव्हती. पण तिच्यात मी एकटी नव्हते.

किती वेळानं कोण जाणे, दारात किल्ली फिरली. मिलिंद आत आला, घामानं भिजलेला, चेहरा उन्हानं तांबडा. अब्रात बसून या काठावरून त्या काठावर जात राहिलो, म्हणाला, उतरावंसंच वाटेना. त्याच्या शर्टाच्या खिशात ती लाल हातोडी होती.

मी फोनमध्ये म्हटलं, "काका, तीन."

पलीकडे काकांनी नाक ओढल्यासारखा आवाज केला.

"आणि इथे दोन," ते म्हणाले. "पाच. बरोबर आहे." आणि फोन ठेवला.